वरचं घमेलं

ते साल सत्त्याऐंशी. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती आणि पितांबरआबा माझ्या प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे होते.

"आत या ना आबा. चपला कशाला काढल्या?"

"काचनं घर शे माय तुन्हं," ते म्हणाले. "पाय कसा टाकू?"

काचेचं घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तापीकाठच्या टेकडीवर नगरपालिकेचं फिल्टर हाऊस होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं ते गाव, आणि तिथली माणसं अजून तेच पाणी पितात. मी फैजपूरची. केळीच्या बागांच्या सावलीतून उठून त्या उघड्या टेकडीवर आलेली, सव्वीस वर्षांची. पाणी तपासायचं आणि त्यातले जंतू मारायच्या पावडरीचा हिशोब करायचा, हे माझं काम. कागदावर तिला टीसीएल म्हणत, गावाच्या तोंडी नुसती पावडर.

त्या खोलीची मला अजून स्वप्नं पडतात. खिडकीखाली सहा काचेच्या बरण्या एका रांगेत असायच्या. त्यांत नदीचं गढूळ पाणी भरायचं, प्रत्येकीत तुरटीचं पाणी थोडं थोडं वाढवत घालायचं, हळूहळू ढवळायचं आणि मग हात काढून घेऊन बघत बसायचं. आधी काहीच होत नाही. मग पाण्यात कुठूनसा एक बारीक कण दिसतो, त्याला दुसरा चिकटतो, आणि बघता बघता गाळाची फुलं धरतात. कापसाच्या बोंडातून सुटल्यासारखी ती तरंगतात आणि सावकाश तळाशी उतरतात. वर राहतं ते पाणी की उजेड, सांगता येत नाही. ज्या बरणीत फुलं सगळ्यांत छान उतरली, तो तुरटीचा आकडा खरा. पुष्कळदा आकडा मिळून गेल्यावरही मी तशीच बघत बसायची.

पावडरीचं तसं नव्हतं. तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसतं गणित. गावाला रोज वीस लाख लिटर पाणी जायचं. दर लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे दिवसाला चार किलो. पण पावडर म्हणजे सगळा क्लोरीन नव्हे. पोत्यावर छापलेलं असायचं, तेहेतीस टक्के. शंभर किलोत तेहेतीस किलो औषध, बाकी चुना. म्हणून चार किलोसाठी बारा किलो पावडर. रोज संध्याकाळी खालच्या खोलीतल्या पाटीवर मी खडूने बारा लिहायची आणि घरी जायची. पहाटे पितांबरआबा पाटी बघून पावडर तोलायचे, हौदात कालवायचे, लाकडी वल्ह्याने ढवळायचे. अकरा वर्षं ते हेच करत होते.

"माझ्या आधी पाटीवर कोण लिहायचं?" मी एकदा विचारलं होतं.

"कोनी नही. मी रुजू व्हयनू तधय पाटीवर बारा व्हतं. पुसानी हिंमत कोन करी?"

असे आबा. उंच, खांद्यात वाकलेले. भुवया पांढऱ्या होत्या, वयाने की पावडरीने ते कळत नसे. त्यांच्या सदऱ्याला, टोपीला, हाताला तोच वास असायचा, नाकात टोचणारा. जिन्यावर पाऊल वाजण्याआधी वास वर यायचा आणि मी चहाचा दुसरा कप काढायची.

त्या दिवशी त्यांनी चहा हातात घेतला पण प्याले नाहीत.

"माय, पानीमानी पावडर मोजता येस. तसा तिना वास मोजता येस का?"

"वास? का हो?"

"आखाजीले भागीनी पहिली घागर शे."

भागाबाई, त्यांची बायको, मागच्या श्रावणात वारली होती. जुलाब आणि उलट्या. दीड दिवसात सगळं आटोपलं. साऱ्या गावाला शुद्ध पाणी पाजणाऱ्या माणसाची बायको विहिरीचं पाणी पिऊन गेली, असं लोक बोलत, आणि ते खरंच होतं. भागाबाईला पावडरीचा वास अजिबात सोसत नसे. नळ दाराशी असून ती दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून हंडा आणायची. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून तिने त्यांचं नावच पावडर ठेवलं होतं. ते संध्याकाळी उंबऱ्यात आले की चुलीकडचं तोंड न वळवता ती विचारायची, "उना का पावडर?"

"बठ्ठा गावनी मन्हा हातनं पानी पिदं," आबा म्हणाले. "तिनी नही पिदं. आते विहीरले पालिकानी झाकन ठोकी दिधं. घागर नळवरच भरनी पडी. आनि मन्हा नळ लाइनना शेवटला."

आखाजीला आमच्या खानदेशात नवी मातीची घागर आणतात, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरतात, वर खरबूज ठेवतात. त्या दिवशी तो माणूस येऊन ते पाणी पितो. पाणी त्याच सकाळचं, ताजं लागतं. आदल्या दिवशी भरून, उघडं ठेवून वास घालवला, असं चालत नाही.

"पावडर बंद करता येणार नाही आबा. पलीकडच्या खेड्यात साथ आहे."

"मी कोठे बंद कर म्हनस?" ते एकदम ताठ झाले. "बंद कराले तुन्हाकडे कसाले येसू? हौद मन्हाच हातमा शे. कमी नको, जास्त नको. इतलंच पाहिजे."

मला ते बोलणं फार आवडलं. मी म्हटलं, "शेवटच्या नळाला लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या आत राहिलं, तर जंतू मरतात आणि नाकाला कळत नाही. मी काढते तेवढा आकडा. अगदी नेमका."

"भागीना नाकले?"

"भागाबाईंच्याही."

ते हसले. मग त्यांनी गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

नेमका आकडा काढायचा तर पोत्यावरच्या छापावर विसंबून चालणार नव्हतं. पावडर जुनी झाली, तिला ऊन लागलं की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तपासायचं रसायन वर्षभर मागवूनही आलं नव्हतं. ते नेमकं त्या आठवड्यात जळगावहून आलं. त्याच दिवशी पावडरीची नवी पोतीही आली. आखाजीच्या आदल्या दुपारी मी त्यातली चिमूटभर पावडर घेऊन बसले. समोर कय्युमभाई चहा पीत होते. ते गल्लीबोळांतल्या पाण्याच्या चाव्या सोडायचे, सायकलला दोन हात लांब किल्ली बांधून गावभर फिरायचे. टेकडीवर ते फक्त चहासाठी आणि बातम्यांसाठी येत.

बशीतलं पाणी गर्द निळं होतं. नळीतून एकेक थेंब मी त्यात सोडत होते. निळा, निळा, निळा, आणि मग एका थेंबासरशी निळा नाहीसा झाला, जसं कुणी दिवा फुंकला.

"या अल्ला," कय्युमभाई म्हणाले. "गेला कुठं?"

"बावीस," मी म्हटलं.

"काय बावीस?"

"टक्के. तेहेतीस छापलंय, आत बावीसच आहे."

"दूधवालाबी एवढं पाणी घालत नाही ताई!"

मी नवा हिशोब मांडला. जुन्या पोत्यांच्या वेळी बारा किलोत नळाला बरोबर क्लोरीन मिळत होता, म्हणजे ती पोती ताजी होती, असं मी धरलं. ही मेलेली आहेत, यांतली जास्त लागणार. भागाबाईच्या नाकापुरतं दोन्हीकडून छाटत, तीनदा ताळा करून, आकडा आला सव्वासतरा किलो. संध्याकाळी मी पाटीवरचं बारा पुसलं. इतक्या वर्षांचं बारा, पाटीवर त्याची पांढरी सावली राहिली. तिच्यावर मी सव्वासतरा लिहिलं. आबा सणाच्या बाजाराला, खरबूज आणायला गेले होते. ते असते तर मी त्यांना समजावून सांगितलं असतं. पण नव्हते, आणि मी गाणं गुणगुणत टेकडी उतरले.

आखाजीची सकाळ. गावात जिथे लिंब तिथे झोका, आणि माहेरी आलेल्या पोरींची गाणी टेकडीपर्यंत येत होती. फिल्टरच्या पाण्यावर ऊन हलत होतं. मी खिडकीत उभी होते आणि मला वाटत होतं, आत्ता कुठल्यातरी घरात एक अदृश्य बाई वाकून पाणी पिते आहे.

तेवढ्यात जिन्यावर ती लांब किल्ली आपटत कय्युमभाई आले.

"ताई, आज मला ईदीसारख्या शिव्या मिळाल्या. प्रत्येक दारात एक. काय टाकलं पाण्यात?"

त्यांच्या मागून मंजुळाबाई चढून आल्या. पाटीलवाड्यातल्या, साठीच्या, डोक्यावर भरलेली घागर. टेकडी चढताना एक थेंब सांडला नव्हता. घागर त्यांनी माझ्या टेबलावर, वहीवर ठेवली.

"हुंग," त्या म्हणाल्या.

"अक्का, बसा ना..."

"बसाले नही उनू. हुंग पहिले!"

मला वाकावंच लागलं नाही. वास खोलीभर झाला होता.

"मन्हा सासरा जिता व्हता तधय च्यामा साखर कमी पडनी तरी कप फेकी दे," मंजुळाबाई म्हणाल्या. "तो हाई पानी पी? मरेल मानूस परत मरी जाई!"

कय्युमभाई हसले आणि अक्कांची नजर पडताच खोकू लागले. मंजुळाबाई घागर तिथेच ठेवून, पदर झटकून निघून गेल्या.

मी परीक्षानळीत त्यातलं पाणी घेतलं आणि ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकले. क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं, जितका जास्त तितकं गडद. रोज ते लिंबाच्या सालीसारखं फिकट होई. त्या दिवशी हळद कालवल्यासारखं झालं. हवा त्याच्या चौपट. मी वही काढली. क्लोरीन चार किलो नाही, वासासाठी छाटून तीन किलो आठशे. भागिले बावीस. गुणिले शंभर. सव्वासतरा. पुन्हा केलं. पुन्हा सव्वासतरा. गणितात चूक नव्हती, आणि नळी हळदीसारखी पिवळी होती.

दुपारी मी आबांच्या घरी गेले. लाइनीच्या टोकाचं ते घर, पुढे शेतंच. ओट्यावर त्यांची लेक तानुबाई बसली होती, जामनेरहून आखाजीला आलेली. आत गव्हाच्या राशीवर लाल घागर मांडली होती. गळ्याला पांढरा दोरा, वर खरबूज, शेजारी दोन आंबे आणि सांजोऱ्या. नळाचा वास उदबत्तीच्या वासातून वर येत होता.

"बस माय," आबा म्हणाले. "रस पोळी खाई ले."

"आबा, मी तीनदा हिशोब तपासला. चूक सापडत नाही. पण माझीच असणार."

त्यांनी तानुबाईला रस काढायला आत पाठवलं. मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुन्हा हिसाबमा चूक नही. वरतून एक घमेलं मन्हं ऱ्हास."

"कसलं घमेलं?"

"उन्हाळामा पावडर मरी जास. पोतं उघडं की कळी जास, नाकले टोचत नही. होळी जळनी का मी रोज एक घमेलं वरतून टाकस. पाऊस पडेपावत. अकरा वरीस व्हयनात."

"मला कधी बोलला नाहीत!"

"काय बोलू?" ते संकोचले. "तू इतली शिकेल पोर. फैजपूर सोडीसन एकली ऱ्हास. तुन्हा आकडा खोटा पडस, आसं मी तुले सांगू?"

बाहेर झोक्याची दोरी करकरत होती. मी मनात मांडलं. घमेल्यात सहा किलो. बारा आणि सहा, अठरा. म्हणजे जुनी पोतीही मेलेलीच होती. दोन वर्षं माझा आकडा खोटा होता, आणि पहाटे कोणीतरी तो न बोलता खरा करत होतं. आणि आज मी तो खरा लिहिला. सव्वासतरा आणि सहा.

आबा घागरीकडे बघत होते.

"आज आकडा मोठा दिखना, पन पोतं नाकले टोचनं नही. तरी हात थांबना व्हता माय. घमेलं भरेल, आनि हात थांबना. मन म्हने, आजना दिवस राहू दे. भागी येवाव शे. मंग वाटनं, पलीकडे साथ शे. मन्हा घरना एक मानूसकरता गावना वाटानं कमी करू? टाकी दिधं."

त्या पहाटे तो हात थांबला तसाच थांबून राहिला असता, तर शेवटच्या नळाला पाव मिलिग्रॅमच्या आत पाणी आलं असतं. नाकाला न कळणारं. मी सांगितलं होतं तसं, अगदी नेमकं. हे मला त्या माणसासमोर, त्या घागरीसमोर सांगता आलं नाही.

"आबा, मीच घाबरले," मी म्हटलं. "साथीच्या भीतीने आकडा वाढवून लिहिला. तुमचं घमेलं नसतं तरी वास आलाच असता."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आसं का," म्हणाले.

तानुबाई रसाची वाटी घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "बा, आईनी तोंड फिराई लिधं व्हई आज."

"फिरावूच," आबा म्हणाले. त्यांनी घागरीवरचं खरबूज, न कलंडलेलं, उगाच सरळ केलं. "पन इचारं व्हई ना तिनी. उना का, म्हने."

तानुबाई पदर तोंडाशी धरून हसली की रडली, मला कळलं नाही. मी रसात पोळी बुडवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर दोन चिठ्ठ्या होत्या. एक माझी, आकडा जास्त लिहिल्याची. दुसरी आबांची, कय्युमभाईंकडून लिहवून घेतलेली, वरच्या घमेल्याची. साहेबांनी तिघांनाही बोलावलं.

"पाणी एक आणि गुन्हेगार दोन? मला एकच पाठवा, कारवाई सोपी जाते."

"साहेब, मोकळी जागा असेल तर तिसरी मी लिहितो," कय्युमभाई म्हणाले. "चावी तर मीच सोडली."

साहेबांनी हसू दाबलं आणि चिठ्ठ्या खणात टाकल्या. त्या आठवड्यात पलीकडच्या खेड्यात शाळेच्या वर्गांत खाटा टाकाव्या लागल्या. आमच्या गावात एकालाही जुलाब झाले नाहीत. खणातल्या चिठ्ठ्या पुन्हा कोणी बाहेर काढल्या नाहीत. मी दर पंधरवड्याला पावडर तपासू लागले, आबांना सांगून, त्यांच्यासमोर. निळा रंग जाताना बघायला ते दाराशी चपला काढून उभे राहत. त्यांनी वरचं घमेलं सोडलं. सोडलं असं ते म्हणाले, आणि नळीतलं पाणीही तसंच म्हणत होतं.

ते त्र्याण्णव साली निवृत्त झाले. नारळ, टॉवेल, टोपी. कार्यक्रम आटोपल्यावर जिन्याच्या पायरीवर ते माझ्याजवळ बसले.

"माय, ते बावीस व्हतं ना?"

"काय आबा?"

"कय्युमनी सांगेल मले, तवाच. निळं पानी, आनि बावीस. सतरा वरीस पाटी वाचेल मानूस मी. मन्हं घमेलं बाद करीसन सव्वासतरा काय व्हस, येवढं मले समजस." त्यांनी नव्या टॉवेलाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "तू खोटं बोलनी. बरं कयं."

मंजुळाबाई पंच्याण्णव साली गेल्या. त्यांची घागर नळाच्याच पाण्याने भरली, आणि त्या वर्षी वास नव्हता, असं त्यांच्या सुनेने मला मुद्दाम सांगितलं. कय्युमभाईंनी सायकल सोडली ती गुडघ्यांमुळे. पोराच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून ते बसत आणि गावात कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी येतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तानुबाई जामनेरलाच आहे, तिला पणतू झाला. आबा अठ्ठ्याण्णवच्या थंडीत झोपेत गेले. तोवर त्यांच्या अंगाचा वास गेला होता, असं तानुबाईने पत्रात लिहिलं होतं. अंघोळ घालताना तिने मुद्दाम हात हुंगून पाहिले.

मी लग्नानंतर धुळ्याला आले, इथेच पाणीपुरवठ्यात राहिले, इथेच निवृत्त झाले. आखाजीला आमच्या घरी यांच्या नावाची घागर असते. तिच्या बाजूला मी एक लहान मडकं ठेवते. नात्यात नसलेल्या माणसाचं पाणी भरायचं नसतं, म्हणून ते कोणाचं ते मी सांगत नाही. सून घागर भरते स्वयंपाकघरातल्या यंत्राच्या पाण्याने. मडकं मात्र मी मागच्या अंगणातल्या नळावर भरते, स्वतः.

यंदाही भरलं. वाकून बघितलं. पाणी स्वच्छ होतं, आणि त्याला कसलाही वास नव्हता. मी नळ बंद केला, मडकं हातात घेतलं, आणि सुनेने आतून दोनदा हाक मारली तरी, पावलाआधी येणाऱ्या त्या वासाची वाट बघत, तिथेच उभी राहिले.